भिंतीवर लागलेला बोर्ड

"एखादा बोर्ड लागून असन का व अजून?"

बाबांनी हे डोळ्यांच्या दवाखान्यातून परत येताना ऑटोत विचारलं. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत पुढे गेला आहे, असं डॉक्टरांनी त्या दिवशी सांगितलं होतं. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. थेंब चुकवायचे नाहीत. बाबांना तेव्हा फक्त समोरचं, मधलं दिसायचं, पाइपातून पाहावं तसं. कडेचं सगळं गेलं होतं. घरात शिरताना त्यांचा खांदा चौकटीला लागायचा आणि ते चौकटीकडे रागाने पाहायचे. डॉक्टरांना त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. जो होता तो ऑटोत विचारला, आणि तो डोळ्यांविषयी नव्हता.

बोर्ड म्हणजे चहाच्या जाहिरातीचे बोर्ड. तामचिनीचे, म्हणजे लोखंडी पत्र्यावर रंगीत काच भट्टीत भाजून बसवलेले. बाबांनी उमेदीची वर्षं ते ठोकण्यात घालवली. दुर्गच्या एका एजंटाकडे ते कामाला होते. चहाची ती कंपनी आता नाही, एजंटही नाही. लाकडी पेटीत पेंढा घालून बोर्ड यायचे. बाबा ते गोणपाटात गुंडाळून सायकलच्या मागे बांधायचे आणि धमधा, उतई, बालोद, जाईल त्या रस्त्याला निघायचे. किराणा दुकान दिसलं की उतरायचं, दुकानदाराशी बोलायचं, त्याला चहाचा पुडा द्यायचा, त्याचीच शिडी मागायची आणि बोर्ड लावायचा.

या कामाला घरात काम म्हणत नसत. आजोबा भंडाऱ्याकडून भिलाईच्या स्टील प्लांटच्या बांधकामावर आले आणि इथेच राहिले. बाबांचे दोन्ही थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, प्लांटमध्ये लागले, एक कोक ओव्हनला, एक रोलिंग मिलमध्ये. बाबांचंही नाव लागलं होतं. मेडिकलमध्ये डोळ्यांवर अडलं. घराघरातून सायरनच्या वेळेला माणसं ड्यूटीवर निघत, तेव्हा बाबा सायकलला बोर्ड बांधत. कुणी विचारलं की आजी सांगायची, "लहाना बाहेरचं काम करते." बाहेरचं म्हणजे प्लांटच्या बाहेरचं. यापेक्षा जास्त तिने कधी सांगितलं नाही.

पण त्या कामाची एक पद्धत होती आणि ती त्यांनीच बसवली होती. तामचिनीच्या बोर्डाला चार कोपऱ्यांवर भोकं असतात. खिळा थेट ठोकला तर खिळ्याच्या डोक्याखाली काच तडकते. तडकलेल्या जागी पाणी शिरतं, गंज धरतो आणि काही पावसाळ्यांत तो आतून बोर्ड खातो. एजंट खिळे द्यायचा, खाली घालायला काही द्यायचा नाही. प्लांटमधून मोठ्या भावांना सेफ्टी शूज मिळत. ते झिजले की बाबा मागून घेत. बुटाची जीभ आणि वरचं जाड चामडं कापून, पाइपच्या तुकड्याला धार लावून त्याने गोल वायसर पाडत. खिळा, त्याखाली वायसर, त्याखाली काच. हातोडीचा शेवटचा घाव अर्धा. बूट प्लांटचे, बोर्ड चहाचे, यात त्यांना काही वेगळं वाटत नसे. चामडं चांगलं होतं, एवढंच ते म्हणत.

जागाही ते स्वतः ठरवत. दुकानदाराला बोर्ड दाराच्या वर हवा असायचा, शोभेला. बाबा आधी रस्त्यावर जाऊन उभे राहत. बैलगाडी कुठे हळू होते, सायकलवाला कुठे पाय टेकतो, एसटी कुठून वळते, ते पाहत आणि तिथून दिसेल त्या भिंतीवर बोर्ड लावत. त्यामुळे त्यांचे बहुतेक बोर्ड बाजूच्या भिंतीवर आहेत. आहेत म्हणजे होते.

माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. एका हिंदी दैनिकाच्या जिल्हा पानांचं काम मी करते. त्या उन्हाळ्यापासून मंगळवार या कामाला गेले. बाबा आदल्या संध्याकाळी रस्ता सांगायचे. दुकानांची नावं त्यांना आठवत नसत, जागा आठवत. "धमध्याच्या रस्त्यानं जाय. मोठा पिंपळ लागन. पिंपळाच्या पुढं गुळाचं दुकान. त्याच्या उजव्या भितीवर." पिंपळ कुठे होता, कुठे नव्हता. गुळाचं दुकान कुठेच नव्हतं. तिथे मोबाइलचं दुकान, ऑनलाइन सेंटर, टाइल्स लावलेली भिंत. एका ठिकाणी भिंत जुनी होती, चुना खरवडलेला, आणि तिच्यावर चार भोकं होती. चारही कोपरे बरोबर. मी हात लांब करून माप घेतलं. बोर्ड त्याच आकाराचा असणार. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "ले गए. गाड़ी लेके आए थे, दो लड़के. बोले अँटिक है. मैंने कहा ले जाओ, वैसे भी जंग खा रहा था."

हे वाक्य पुढे बऱ्याच ठिकाणी ऐकलं, थोड्याफार फरकाने. आधी कबाडी, म्हणजे भंगारवाले, आले, मग कबाड्यांकडून घेणारे, मग थेट गाड्या. रायपूरच्या कॅफेत असे बोर्ड भिंतीवर ओळीने लावलेले मी पाहिले आहेत, खाली पिवळे दिवे आणि मुलामुलींचे फोटो चाललेले. काही दिल्लीला गेले. जे गेले नाहीत त्यांचं दुसरं काहीतरी झालं होतं. उतईच्या पुढे एका घरी बोर्ड पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून उलटा पडला होता. अक्षरं पाण्याकडे, गंज आकाशाकडे. एका ठिकाणी कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून. घरच्या बाईने ते उघडून दाखवलं आणि विचारलं, "ये ढूँढने आई हो? इतनी दूर?"

कॅम्प नावाच्या वस्तीतल्या एका कबाड्याशी ओळख झाली. त्याच्याकडे मागच्या खोलीत बोर्ड पोत्याखाली असायचे: साबण, विडी, आगपेटी, कधी चहा. खोटेही असायचे. नव्या पत्र्यावर छापायचं, मिठाचं पाणी मारून उन्हात ठेवायचं, आठवड्यात साठ वर्षांचा गंज. तो ते लपवत नसे. "कॅफेवालों को यही जमता है मॅडम, एक साइज में मिलता है." एका मंगळवारी त्याच्याकडे बाबांच्या कंपनीचा बोर्ड निघाला. निळी जमीन, पांढरी किटली, किटलीच्या तोंडातून वर गेलेल्या वाफेच्या तीन रेघा, खाली मोठ्या अक्षरात "चाय". खरा होता. मी तो घेतला, चादरीत गुंडाळला आणि स्कूटरवर पुढे उभा करून स्मृतिनगरला घरी आणला.

बाबा दिवाणावर बसले होते. मी बोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी कडा धरल्या, मग एक हात वरून फिरवला. रंगांचे थर एकावर एक भाजलेले असतात, त्यामुळे अक्षरांच्या कडा बोटाला लागतात. "चा" वर त्यांचं बोट थांबलं. मग ते कोपऱ्याकडे गेलं. भोक फाटलेलं होतं, उपटताना पत्रा वाकला होता.

"हा काढलेला हाय," ते म्हणाले.

"हो बाबा. पण तुमच्याच कंपनीचा आहे."

"कंपनी माही नोती. मी लागलेला इचारला होता." त्यांनी बोर्ड बाजूला सरकवला. "काढलेला तं पेटीत बी होता. पेटीतून काहाडून भितीवर लावाचं, हेच तं माहं काम होतं. भितीवरून काढला, मंग मी काय केलं?"

तो बोर्ड दिवाणाच्या मागे भिंतीला टेकून राहिला. ते त्याला पुन्हा शिवले नाहीत. शोध म्हणजे नेमका कशाचा, हे त्या दिवशी स्पष्ट झालं. बाजारात किंमत होती ती काढलेल्या बोर्डाला. बाबांना हवा होता न काढलेला. एका माणसाची इच्छा आणि गाड्या घेऊन फिरणारे लोक एकाच रस्त्याने चालले होते, आणि ते लोक पुढे होते.

दर मंगळवारी संध्याकाळी दाराचा आवाज झाला की आतून विचारणा व्हायची. "भेटला का?"

"नाही."

"कोणच्या बाजूनं गेली होती?"

मी सांगायची. ते ऐकून घ्यायचे. मग पुढच्या रस्त्याचं बोलायचे. पावसाळ्याच्या शेवटी पाइप अजून बारीक झाला. ताटातली वाटी दिसायची, भाकरी दिसत नसे. ती हाताने शोधावी लागे. रस्ते सांगण्याचा त्यांचा वेग मात्र वाढला. एकाच संध्याकाळी तीन-तीन गावं. संपण्याआधी सगळं सांगून टाकावं तसं.

बोर्ड सापडला तो त्यांनी न सांगितलेल्या जागी. भिलाईतच रुआबांध्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या घरी मयतीला गेले होते. परत निघताना गल्ली चुकले आणि एका जुन्या घराच्या बाजूच्या भिंतीपाशी आले. समोर रस्ता वळत होता. वळणावरून येणाऱ्याला सरळ ती भिंत दिसत होती. आणि भिंतीवर निळा बोर्ड होता.

स्कूटर बंद करून मी जवळ गेले. किटली होती. वाफेच्या दोन रेघा पूर्ण, तिसरी अर्धी. "चाय" मधलं "य" खालून गंजाने खाल्लेलं. कडा तांबड्या झालेल्या, उजवीकडे हाताएवढ्या पट्ट्यावरची काच पार गेलेली. चारही खिळे जागेवर होते. खिळ्यांखाली काहीतरी काळं, सुकलेलं, मनुक्यासारखं आक्रसलेलं. खालच्या डाव्या वायसरला एकमेकाशेजारी बारीक भोकं होती. सुईची. बुटाची शिवण जिथे असते तिथली.

"बोर्ड इकाचा नाही!" मागून आवाज आला. बनियन घातलेला, सत्तरीकडे आलेला माणूस फाटकात उभा होता. "चार जन येऊन गेले. सगळ्याइले सांगतलं. नाही म्हंजे नाही."

मी विकत घ्यायला आले नाही म्हणाले. मग काय पाहिजे, म्हणून तो दोन पावलं पुढे आला. मी मराठीत उत्तर दिलं म्हणून असेल, त्याचा आवाज उतरला. मी सांगितलं: हा बोर्ड माझ्या वडिलांनी ठोकला आहे. तो हसला. मी वायसर दाखवला, शिवणीची भोकं दाखवली, बुटाचं सांगितलं. तो वाकून पाहत राहिला. मग घराकडे तोंड करून ओरडला, "अवं, बाहेर ये! हा बोर्ड लावनाऱ्याची पोरगी आली!"

त्याची बायको हात पुसत आली. इथे त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. दुकान त्यांच्या मागे बंद पडलं, कारण तो स्वतः प्लांटमध्ये लागला. रोलिंग मिलमधूनच निवृत्त झाला. बोर्ड लावला तेव्हा तो शाळेत होता. "माह्या बापानं म्हटलं, दारावर लावा. तो माणूस आयकेच ना. रस्त्यावर जाऊन उभा राह्यला, सिग्नलवानी. मंग म्हने, इथं. बाप माहा बडबड करे, म्हने हा कोन मले सांगनारा, दुकान माहं." त्याने कपाळाला हात लावला. "तुमचे बाबा होते ते? हायेत न?"

"आहेत. डोळे जात आहेत. त्यांना हा बघायचा आहे, लागलेला."

बाई म्हणाली, "आना न मंग. कावून नाही?"

"येत्या मंगळवारी आणते. तोवर कुणाला देऊ नका, काढू नका. तिथेच असू द्या."

"ताई, तुमी काई चिंता करू नका," तो म्हणाला. "जाग्यावरून हलनार नाही. जय भीम सांगा त्याइले माहा."

त्या संध्याकाळी घरी मी विचारण्याची वाट पाहिली नाही. बाबांनी बातमी ऐकली. मग विचारलं, वायसर किती शाबूत आहेत. चारही, मी म्हणाले. शिवणीच्या भोकाचं सांगितलं. "तो मोठ्याचा बूट," ते म्हणाले. "मोठा लय शिवून शिवून घाले." कोक ओव्हनचे मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती रात्र आणि पुढचा आठवडा घरात बोलणं जास्त झालं. त्यांनी कपाटातून एक गोल डबा काढायला लावला. त्यात उरलेले वायसर होते, कडक झालेले. रोज थोडं गोडं तेल बोटाला घेऊन ते एकेक वायसर चोळत बसत. नजरेची गरज नव्हती. "एखादा सडला असन तं बदलता येईन," ते म्हणायचे. मंगळवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि डबा खिशात ठेवला. खिसा फुगला.

ऑटो मी वळणाच्या अलीकडे थांबवायला लावली. बाबांना हाताला धरून उतरवलं आणि जिथून भिंत सरळ समोर येते तिथे उभं केलं. माझ्या आधी त्यांनीच पाहिलं. मी रस्ता पाहत होते, त्यांच्या पायाखालचा.

"हाय," ते म्हणाले. "निळा. हाय."

मी वर पाहिलं. भिंतीवर बोर्ड होता. त्याच जागी, त्याच मापाचा. निळा होता, एकसारखा, झगझगीत, कडेला पांढरी चौकट. किटली नव्हती. अक्षर नव्हतं. कोपऱ्यांवर चार नवे बोल्ट चमकत होते.

"किटली दिसून राह्यली," बाबा म्हणाले. "वाफ बी दिसते. वाफ बराबर निघाली होती त्या कंपनीची." त्यांची मान थोडी वाकडी झाली होती, पाइप जागेवर आणायला. चेहरा मोकळा होता. तिथून मागे फिरता आलं असतं. "चाल, जवळून पाहू," असं म्हणून त्यांनीच पाय उचलला.

फाटकात माणूस, त्याची बायको आणि मुलगा उभे होते. मुलगा तिशीचा, हथखोजच्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये कामाला. तिघांनी धुतलेले कपडे घातले होते. माणसाने बाबांना जय भीम केला, बाबांनी आवाजाच्या दिशेने हात जोडले, आणि तो बोलू लागला. त्याच्याने राहवत नव्हतं.

"काका, तुमी येनार म्हटल्यावर मंग आमी म्हटलं, असा ठेवाचा का? आमी स्टीलवाले लोक. जंग लागलेलं लोखंड पाहुण्याले दाखवाचं का? पोरानं युनिटमधी नेलं, शॉट ब्लास्टिंग केलं. चांदीवानी निंघाला. मंग रेड ऑक्साइड, त्याच्यावर दोन कोट. निळा मॅच करून आनला, जसा होता तसाच. आन ताईनं म्हटलं होतं, तिथंच ठेवा. तिथंच हाय. एक सूत हलला नाही. इचारा याले."

"लेव्हल लावून बसवला काका," मुलगा म्हणाला. "पहिले थोडा तिरछा होता."

भिलाईत ही गोष्ट कुणालाही समजेल. इथे गंज म्हणजे घाण. फाटक, खिडकी, पाण्याचा स्टँड, सायकलचं कॅरिअर, सगळ्यांवर पावसाळ्याआधी घासकागद आणि लाल प्रायमर फिरतो. शॉट ब्लास्टिंगमध्ये लोखंडाचे बारीक दाणे जोराने मारतात. गंज जातो, जुना रंग जातो. भाजलेली काचही जाते. त्यांनी पाहुण्याचा मान केला होता आणि त्यांना येत असलेल्या सगळ्यात चांगल्या पद्धतीने केला होता.

बाबांना हे सगळं ऐकू आलं की नाही, कळलं नाही. ते भिंतीपर्यंत पोचले होते. त्यांनी हात वर केला आणि बोर्डावर ठेवला. हात डावीकडून उजवीकडे गेला, थांबला, परत आला. मग खाली, जिथे अक्षरं असतात तिथे. रंग पूर्ण वाळला नव्हता, तळवा किंचित चिकटत होता. कोपऱ्यात गेला. बोल्टचं षट्कोनी डोकं बोटांत आलं. बोटांनी त्याच्या खाली पाहिलं. खाली काही नव्हतं. लोखंडावर लोखंड.

"काच कुठं हाय?" बाबांनी विचारलं.

माणूस माझ्याकडे पाहू लागला. मुलगा म्हणाला, "ते तर निघून गेलं काका, ब्लास्टिंगमध्ये. पूरा साफ झाला."

बाईने तोंडावर पदर धरला. "मी म्हटलं होतं यायले, आधी इचारा म्हून. म्हटलं होतं का नाही?"

"तू काहाले म्हनशीन," माणूस म्हणाला. पण आवाज आता पहिल्यासारखा नव्हता. "काका, सोमवारी पेंटर येनार होता, आलाच नाही. येईन आता. तुमी सांगा काय लिवाचं. किटली पाह्यजे तं किटली काढून देईन. तुमचं नाव टाकू? तुमी लावला, तुमचंच नाव असू द्या. मोठ्या अक्षरात."

बाबांचा हात अजून कोपऱ्यावर होता. "माहं नाव नोतं न त्याच्यावर," ते म्हणाले. "कवाच नोतं."

वळणावरून एक मोटारसायकल आली, हळू झाली, निघून गेली. बाबांनी तिच्या आवाजाकडे मान फिरवली.

"चांगलं केलं," मग ते म्हणाले. बातमीदाराच्या सवयीने मी ते वाक्य ऐकलं. त्यात टोमणा नव्हता, समजूतही नव्हती. जे लागू होतं तेवढंच होतं. "लोखंड मोकळं ठेवू नये. पन बोल्ट असा थेट नाही लावाचा. रंग फुटते तिथून. पानी जाते." त्यांनी खिशातून डबा काढला. झाकण त्यांना पटकन सापडेना. मुलाने हात पुढे केला, पण बाबांनीच उघडलं. तेलाने काळेभोर झालेले वायसर एकावर एक बसले होते. "हे घाल. भोक लहान हाय, तुह्या बोल्टाले मोठं करा लागन. चामडं दोरीवानी नको कापू, पाइपानं पाड."

मुलाने डबा घेतला. "जी काका," तो म्हणाला.

चहा झाला. बाईने पोहे केले होते, मटार घालून. बाबांनी बशी हातात घेतली आणि संपवली. माणूस त्यांच्या शेजारी बसून स्वतःच्या वडिलांचं सांगत राहिला, बोर्डावरून झालेल्या भांडणाचं, आणि बाबा मान हलवत राहिले. जुने खिळे आणि वायसर कुठे आहेत, ते मी बाईला हळूच विचारलं. झाडताना गेले, ती म्हणाली, आणि पुन्हा पदर तोंडाला लावला. निघताना माणूस ऑटोपर्यंत आला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, लय चुकलं का?" मी म्हणाले, तुम्ही जागा राखली. ते खरं होतं. अपुरं होतं, पण खरं होतं.

ऑटोत बाबांनी दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले होते. उजव्या तळव्यावर निळा रंग लागला होता. घरी मी रॉकेलच्या चिंधीने पुसला. रेषांमध्ये राहिला तेवढा राहिला. काही दिवसांनी गेला.

पुढच्या मंगळवारी मी धमध्याच्या रस्त्याला गेले. संध्याकाळी दाराचा आवाज झाला, आतून विचारणा झाली नाही. बाबा जागे होते, रेडिओ लागला होता. मी चप्पल काढली, हात धुतले, त्यांच्यासमोर बसले. त्यांनी विचारलं, भाजी कोणती आहे. "भेटला का?" हे त्यानंतर कधीच विचारलं नाही. मीही मंगळवारी घरी राहू लागले. कॅम्पमधल्या कबाड्याचा फोन येई, मॅडम, माल आला आहे. मी येते म्हणायची आणि जात नसे. दिवाणाच्या मागचा बोर्ड त्यालाच देऊन टाकला. त्याने तो वर-खाली पाहून म्हटलं, असली आहे.

नजर दिवाळीच्या आधी गेली. एका सकाळी दिवा लागला आहे का, असं बाबांनी विचारलं. बाहेर ऊन होतं.

थंडीच्या दिवसांत रुआबांध्यात एका शाळेच्या कार्यक्रमाची बातमी होती. येताना त्या वळणावरून आले. पेंटर बहुतेक आलाच नव्हता. निळ्या बोर्डावर आता फ्लेक्स ताणून बांधला होता: मुलींसाठी खोली, वायफाय, आर. ओ. पाणी, खाली फोन नंबर. फ्लेक्सच्या दोऱ्या खालच्या दोन बोल्टांना गुंडाळलेल्या दिसत होत्या, आणि त्या बोल्टांखाली काळं चामडं होतं. घराचं फाटक बंद होतं. मी थांबले नाही. स्कूटर फक्त हळू केली. ते वळणच तसं आहे, तिथे कुणीही हळू करतं.

घरी आल्यावर हे बाबांना सांगावं की नाही, याचा बराच वेळ विचार केला. मग पाहिलं तेवढं सांगितलं. फ्लेक्सचं सांगितलं. बोल्टाखाली चामडं आहे, असंही सांगितलं.

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "चारीकडं?"

फ्लेक्सने वरचे कोपरे झाकले होते. "खालचे दोन दिसले," मी म्हणाले.

त्यांचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि भिंतीवर, उघड्या चुन्यावर, थोडा फिरला.

"वरचे बी असतीन," ते म्हणाले.